कर्नल सगळ्यांचा, खबर मोजक्यांना

ज्यांच्याकडे लाखो सर्व्हर, त्यांना मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या दोषाची खबर महिनोन्महिने आधी होती. चेन्नईतल्या आमच्यासारख्यांना ती ४ जानेवारी २०१८ च्या सकाळी बातम्यांतून कळली. हे मला आजही पचत नाही.

तेव्हा मी तरमणीजवळच्या एका लहान होस्टिंग कंपनीत सर्व्हर सांभाळायचो. आमचा धंदा स्वस्त कंटेनरचा. एका यंत्रावर अनेक गिऱ्हाईकं, प्रत्येकाला वाटतं सर्व्हर आपला एकट्याचा, पण खाली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच.

मेल्टडाउनने तिथेच घाव घातला. वेगासाठी प्रोसेसर परवानगी तपासून होण्याआधीच पुढच्या सूचना चालवून पाहतो. परवानगी नसेल तर निकाल टाकून देतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जलद मेमरीत, खूण उरते. कुठली जागा पटकन वाचली जाते हे मोजत गेलं, की कर्नलच्या मेमरीतला मजकूर एकेक बाइट करत बाहेर काढता येतो. केव्हीएमसारख्या व्यवस्थेत प्रत्येक व्हीएमचा, म्हणजे आभासी यंत्राचा, कर्नल वेगळा, त्यामुळे मेल्टडाउनचा धोका त्या व्हीएमपुरताच. आमच्याकडे मात्र एक गिऱ्हाईक शेजाऱ्याचे पासवर्ड वाचू शकलं असतं.

मेल्टडाउन आणि त्याच्याच जातीचा स्पेक्टर या जोडीतल्या दोषांची पहिली खबर गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा संशोधकांच्या गटाने जून २०१७ मध्येच चिप बनवणाऱ्यांना दिली होती. यूएस-सर्ट या अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेलासुद्धा जाहीर होण्याआधी कळवलं नव्हतं, हे इंटेलने फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या संसदेला पत्राने सांगितलं. सरकारी यंत्रणेची ही गत, तर आम्हाला कोण विचारतो! दोष जाहीर करायला ९ जानेवारी ठरली होती, बातमी आधीच फुटली.

दुरुस्तीचा पॅच लावायला कर्नल बदलायचा म्हणजे अख्खं यंत्र रीबूट करायचं, त्यावरची सगळी गिऱ्हाईकं एकदम बंद. अंबत्तूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचे मालक, मी त्यांना अण्णा म्हणायचो, फोनवर विचारत राहिले, “एवढं मोठं संकट होतं, तर आधी का नाही सांगितलं? रविवारी बंद ठेवलं असतं.” आम्हालाही आत्ताच कळलं, हे त्यांना पटेना. मी लपवतोय असंच त्यांना वाटलं. रिपोर्ट अडले, पेशंट ताटकळले, बोलणी आम्ही खाल्ली. पॅचने कर्नलची पेज टेबलं, म्हणजे मेमरीचे नकाशे, वेगळी केली, तसा प्रत्येक सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेलं काम, महागला आणि डेटाबेस मंदावले. पुन्हा फोन. ज्यांनी महिनोन्महिने तयारी केली, त्यांना असा एकही फोन घ्यावा लागला नसेल, असं मला तेव्हा वाटायचं.

असलं काही लपवूच नये, असंही मी तेव्हा म्हणायचो. आता म्हणवत नाही. पॅच नसताना सगळं जगजाहीर झालं असतं, तर पहिली आमचीच गिऱ्हाईकं लुटली गेली असती. गुप्तता हवीच. पण आधी कुणाला सांगायचं हे धंद्याच्या आकारावरून ठरू नये, धोक्यावरून ठरावं.

स्वस्त सर्व्हर घेणाऱ्यांनो, दोन प्रश्न जरूर विचारा: माझा कर्नल वेगळा आहे की सामायिक? शेवटचा पॅच कधी लावला? उत्तर टाळलं, तर लोकांची माहिती तिथे ठेवू नका.