तेल गेले कुठे?

काही उणे झाले की ते किती झाले, हे आपण चटकन मोजतो. ते गेले कुठे, हा प्रश्न मात्र सहसा सुचत नाही. या दोन प्रश्नांत केवढे अंतर आहे, हे मला कोणा पंडिताने नव्हे, वाईच्या एका मिस्त्रींनी शिकविले.

2022 च्या मे महिन्यातली गोष्ट. मामांच्या नातीच्या लग्नासाठी आम्ही पुण्याहून वाईला निघालो होतो. मागच्या आसनावर ऐंशीची आई आणि तिच्या मांडीवर रुखवताच्या लाडवांचा डबा. क्लचच्या तेलाची पातळी उतरलेली दिसली, म्हणून वाटेतल्या एका गॅरेजात ते भरून घेतले. "कमी झालं की ओतत जा," एवढाच तिथला सल्ला.

खंबाटकीच्या चढणीवर मोटारीने निराळाच सूर लावला. पाय दाबावा तसे एंजिन ओरडे, पण वेग काही वाढेना. करपल्याचा वास येऊ लागला. 'तेल कमी झालं, म्हणूनच हे,' असा निकाल गाडीतल्या मंडळींनी एकमताने दिला. रांगत रांगत आम्ही कसेबसे वाई गाठले.

मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी तोंड उघडले.

"सर, गिअर अडतात का?"

"नाही."

"पेडल पोकळ लागतं?"

"नाही. चांगलं भरीव आहे."

"मग तेल कमी झालं म्हणून क्लच घसरत नाही."

त्यांचे म्हणणे असे. क्लचप्लेट स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलला घट्ट धरून ठेवलेली असते. आपण पेडल दाबतो तेव्हा तेलाच्या दाबाने ती पकड सुटते. म्हणजे तेलाचे काम पकड सोडविण्याचे, धरण्याचे नव्हे. तेल कमी पडले तर क्लच नीट सुटणार नाही, गिअर करकरतील. आमचे दुखणे नेमके उलटे होते: सुटत होते, धरत नव्हते.

मग त्यांनी मोटार सपाटीवर घेतली, हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. निरोगी मोटार अशा वेळी आचका देऊन बंद पडते. आमचे एंजिन आपले फिरतच राहिले! लगेच त्यांनी ते बंद केले. ही परीक्षा फार वेळ घेतली तर प्लेट आणखी जळते.

एंजिन आणि गिअरपेटी यांच्या सांध्याखाली ओल होती. ती त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिली. "एंजिनचं असतं तर काळं झालं असतं. गिअरचं जाड असतं, वासही उग्र. हे पातळ आहे. क्लचचंच."

पकड सोडविणारा सिलिंडर काही मोटारींत बाहेर असतो. आमच्या मोटारीत तो आत, प्लेटच्या शेजारीच होता. त्याचे सील फाटले होते आणि तेल प्लेटवर उडत होते. दोष गळतीचाच खरा. पण तेल आटले म्हणून नव्हे, नको तिथे पोचले म्हणून! वरून ओतलेले तेलही पेडल दाबताच त्याच वाटेने जात होते.

"लग्नघरी जाऊन येऊ का एवढ्यात?" मी विचारले.

"ब्रेकलाही ह्याच डबीतून तेल जातं, सर. आईंना घेऊन हलू नका."

आई डब्यासह रिक्षात बसली. गिअरपेटी उतरली, सिलिंडर बदलला, आणि प्लेटही. कारण मुरलेले तेल धुऊन निघत नाही.

कॉलेजात एखादा हुशार मुलगा मागे पडू लागला की गुण किती घटले ते मोजले जाते, आणि जादा तास, जादा टिपणे वरून ओतली जातात. तो रात्रपाळीला जाऊ लागला आहे की घरी कोणी अंथरुणाला खिळले आहे, हे गुणपत्रिकेवर उमटत नाही. तिथे ओल बोटांत चोळून पाहणारा मिस्त्रीच हवा.