चांदणी

कुणी फुशारकी मारू लागला की आपण सहज म्हणतो, 'घोडा-मैदान जवळच आहे.' आमच्या घरी मात्र घोडी आली, आणि मैदान किती दूर असते हे मला वर्षभर कळत राहिले. त्याचीच ही हकिगत.

आमच्याकडे वरातीची घोडी असते. पावसाळ्यात मजुरी आणि लग्नसराईत घोडी, असे आमचे घर चालते. २०२४ च्या पावसाळ्यात जुनी घोडी पोटशूळाने गेली. घोड्याला ओकारी करता येत नाही. पोटात अडकले की अडकलेच. आबांनी तिला रात्रभर चालवले. पहाटे ती बसली, ती उठलीच नाही. पुढे आईने बचत गटातून कर्ज काढले, आणि त्या डिसेंबरात दत्त जयंतीला आम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो.

तापीकाठचा हा घोड्यांचा बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. वरातीला पांढरी घोडी लागते, आणि पांढऱ्या घोडीची किंमत नुसती ऐकूनच माणूस पुढे सरकतो. आबांनी निवडली ती राखाडी, कपाळावर चांदणी असलेली. मी नाराजीने म्हणालो, "आबा, ही पांढरी कुठे आहे?" "होईल," आबा म्हणाले. राखाडी घोडे वयाबरोबर पांढरे होत जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यांनी तिचे तोंड उघडून दात पाहिले. मधले दुधाचे दात पडून तिथे नवे येत होते; म्हणजे वय अडीच वर्षे. पंचावन्न हजारांना सौदा ठरला. निघताना आबांनी विकणाऱ्याकडून दोन पोती त्याचाच चारा मागून घेतला. ठाण बदलले, माणसे बदलली. निदान वैरण तरी एकदम बदलू नये, हा त्यांचा हिशेब.

पहिले तीन दिवस आबांनी तिला हातही लावला नाही. तिच्या समोर थोडे अंतर ठेवून ते नुसते बसत, भाकरी खात, काहीबाही बोलत. घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, पण थेट पाठीमागचे दिसत नाही. म्हणून आधी आवाज द्यायचा, मग डाव्या बाजूने जवळ जायचे. चौथ्या दिवशी तिने स्वतःच मान पुढे करून त्यांचा खांदा हुंगला. मग खरारा, मग मोहरकी, मग पाठीवर नुसते रिकामे पोते. चंदीच्या वेळी आई दारात थाळी वाजवू लागली. वाजले की हरभरे मिळतात, एवढे तिला कळले तरी पुष्कळ, असे आबा म्हणत. रात्री मात्र ती उभीच असे. घोडे उभ्याने डुलकी घेते, पण गाढ झोपायला त्याला आडवे व्हावे लागते, आणि परक्या जागी ते सहसा आडवे होत नाही. दहाव्या रात्री चांदणी आडवी झाली. आबांनी मला उठवून ते दाखवले.

इथवर सारे ठीक होते. पण लग्नसराई डोळ्यांसमोरून जात होती, कर्जाचा हप्ता थांबत नव्हता आणि माझी परीक्षा फी भरायची होती. आबा म्हणत, वर्षभर तिच्यावर कुणाला बसवायचे नाही. हाडे कोवळी आहेत. मला ते पटत नव्हते. फेब्रुवारीत एका संध्याकाळी आबा बाहेरगावी गेले असताना आमच्या गल्लीत हळदीची मिरवणूक आली. मी मनाशी म्हटले, थाळीला भीत नाही ती ढोलाला काय भिणार? दोर हाताला गुंडाळला आणि तिला थेट ढोलापुढे नेले. तेवढ्यात फटाक्यांची माळ लागली. ती मागच्या पायांवर उभी राहिली. माझा तळहात सोलून निघाला, आणि ती दोरासकट शेताकडे सुटली. सापडली तेव्हा तिची छाती कुंपणाच्या तारेने फाटली होती.

डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. त्यात माझ्या फीचे पैसे गेले. आबा रात्री आले. त्यांनी आधी तिची जखम पाहिली, मग माझा हात. रागावले असते तर बरे वाटले असते. ते एवढेच म्हणाले, "घाई नको करू भाऊ, तिले येळ लागी." दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा भाकरी घेऊन तिच्यासमोर बसले, जणू ती कालच बाजारातून आली होती. फी आईने पुन्हा कुठून तरी आणली. कुठून, ते मी अजून विचारलेले नाही.

पुढे आपल्या ग्रंथालयात मला झेनोफनविषयी वाचायला मिळाले. या ग्रीक सेनानीने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर पुस्तक लिहिले. घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये, असे तो सांगतो. मी ते आबांना सांगितले. त्यांनी विचारले, "त्याच्याकडे किती घोड्या होत्या?"

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. थाळी, मग डबा, मग बँडवाल्यांचा सराव चालतो त्या पटांगणाच्या अगदी पलीकडच्या टोकाला चंदीचा तोबरा. रोज चार पावले पुढे. तिचे कान ताठ झाले की थांबायचे, मान खाली आली की निघायचे. या वेळी दोर मी हाताला गुंडाळला नाही; नुसता धरला. पावसाळा संपेपर्यंत ती ताशाशेजारी उभी राहून हरभरे खाऊ लागली.

गेल्या डिसेंबरात ती पहिल्या वरातीत गेली, रिकाम्या पाठीने, एका जाणत्या घोडीच्या बाजूने. फटाके वाजले तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवली, आणि पुन्हा चालू लागली. पैसे अर्थातच काही मिळाले नाहीत. घरी आल्यावर मी कंदील घेऊन तिच्या कपाळावरून हात फिरवला. भोवतालचे केस पांढरे होऊ लागले आहेत. चांदणी आता पूर्वीइतकी उठून दिसत नाही. मी पुस्तक काढून बसलो. थोड्या वेळाने गोठ्यात कडबा चुरगळल्याचा आवाज झाला. ती आडवी झाली होती.