ढीग कशाचे लावायचे?

'ग्रुप बाय' म्हणजे आमच्या धंद्यातली रोजची भाजी-पोळी. हजारो ओळींचा तक्ता असतो. तुम्ही एक कॉलम सांगता, आणि यंत्र त्याप्रमाणे ओळींचे ढीग लावून प्रत्येक ढिगाची बेरीज नाहीतर सरासरी हातात ठेवतं. एका ओळीचं काम, त्यामुळे त्यावर कुणी फारसं डोकं चालवत नाही. पण गोम तिथेच आहे.

'आर' ही भाषा इन्स्टॉल केली की तिच्याबरोबर एक छोटा तक्ता फुकट मिळतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात 1973 साली पदव्युत्तर प्रवेशासाठी आलेले अर्ज, सहा मोठ्या विभागांचे, एकूण 4526. आता स्त्री की पुरुष यावर ढीग लावा. पुरुष 2691, प्रवेश 1198, म्हणजे साधारण 45 टक्के. बायका 1835, प्रवेश 557, म्हणजे जेमतेम 30 टक्के. झालं! सरळसरळ पक्षपात, असंच कुणीही म्हणेल.

आता आज्ञेत एकच कॉलम वाढवा: विभाग. सहापैकी चार विभागांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघतं. 'ए' विभागात तर पुरुष 62 टक्के आणि बायका 82! उरलेल्या दोन विभागांत पुरुष पुढे, पण तीन-चार टक्क्यांनीच.

मग ते 30 टक्के आले कुठून? 'ए' आणि 'बी' या दोनच विभागांत निम्म्याहून जास्त अर्जदारांना प्रवेश मिळत होता. तिथे पुरुषांचे अर्ज 1385, बायकांचे फक्त 133. बाकी सगळ्या बायका अवघड दारांपुढे उभ्या होत्या. म्हणजे अन्याय नव्हताच, असं नाही हं. त्या तिकडेच का वळल्या, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर या तक्त्यात नाही.

बरं, कॉलम वाढवत राहणं हाही उपाय नाही. 'बी' विभागात बायका अवघ्या 25. आणखी फोड केली तर प्रत्येक ढिगात दोन-तीन माणसं उरतील आणि टक्केवारीला काही अर्थच राहणार नाही.

आपल्याकडे अप्रेझलच्या वेळी 'कुणी किती बग बंद केले' अशी स्लाइड येतेच. जुनाट, किचकट मॉड्यूल ज्याच्या गळ्यात पडलंय तो त्यात तळाला दिसतो, आणि त्याचं प्रमोशन अडतं. आकडे खोटे नसतात, ढीग चुकीचे लावलेले असतात. तेव्हा अशी स्लाइड दिसली की एवढंच विचारा, "हेच मॉड्यूलप्रमाणे लावून पाहिलंय का?"

असो. बघा पटतंय का.