नोव्हेंबर १८७० : दोन रिकाम्या गाद्या, तीन मुले

१८७० च्या नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आपल्यापैकी फारसा कुणी लक्षात ठेवत नाही. २८ तारखेला बडोद्यात खंडेराव गायकवाड निवर्तले. दोनच दिवसांनी, ३० तारखेला, इंग्लंडच्या प्रवासाहून परतणारे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इटलीतील फ्लॉरेन्स येथे वारले. वय अवघे वीस. अर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला आणि त्यांच्या अर्धपुतळ्यावरची छत्री तेथे आजही उभी आहे.

दोघांच्याही मागे पुत्र नव्हता. दोन मोठ्या मराठी गाद्या एकाच आठवड्यात रिकाम्या झाल्या. या गाद्यांसाठी माणूस निवडला कसा गेला आणि त्या निवडीचे पुढे काय झाले, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

मित्रहो, प्रथम एक पार्श्वभूमी. १८४८ साली साताऱ्याचे शहाजी महाराज वारले तेव्हा त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा झाले. १८५७ च्या उठावाने सरकारला शहाणपण आले. १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. म्हणजे आता पुत्र नसला तरी गादी जाणार नव्हती. पण त्याच वेळी एक नवाच प्रश्न उभा राहिला. पुत्र जन्मास येतो, तो निवडता येत नाही. दत्तक मात्र निवडावा लागतो. आणि निवडायचा म्हटल्यावर, आठ-दहा-बारा वर्षांच्या पोराकडे पाहून तो तिशीत कसा राजा होईल, हे कुणीतरी सांगावे लागते.

हा प्रश्न माझ्या डोक्यात नीट उतरला तो एका भलत्याच वाटेने. माझा थोरला भाऊ एका अमेरिकी कंपनीच्या कामासाठी रात्रपाळी करतो. पनवेलला परतल्यावर पहाटे तो तिकडचा फुटबॉल पाहत बसतो. तो आपला फुटबॉल नव्हे, हाताने चेंडू फेकायचा. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हाती येतो आणि पुढचे सारे त्याच्या निर्णयावर चालते. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस विद्यापीठांतून येणाऱ्या तरुणांची वाटणी होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. १९३६ पासूनची ही पद्धत. गेल्या मोसमात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला निवडीचा पहिला हक्क. साहजिकच बुडालेला संघ पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा तारणहार शोधू पाहतो. उंची मोजतात, तळहात मोजतात, धावण्याचा वेळ मोजतात, मुलाखती घेतात. आणि तरीही फसतात. १९९८ साली पेटन मॅनिंग पहिला निवडला गेला, रायन लीफ दुसरा. दोघांत कोण सरस, यावर तेव्हा जाणकारांत खरोखर वाद होता. मॅनिंग त्या खेळाचा दिग्गज ठरला, लीफची कारकीर्द चार वर्षांत आटोपली. दोनच वर्षांनी टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला. त्याने पुढे सात अजिंक्यपदे जिंकली.

दादाने हे सांगितले तेव्हा मी कोल्हापूर संस्थानावरची टिपणे काढत होते. मला वाटले, हे तर आपल्याकडे घडून गेले आहे.

कोल्हापूरची निवड आधी झाली. १८७१ मध्ये सावर्डेकर भोसल्यांच्या घराण्यातील नारायणराव या मुलाला दत्तक घेऊन चौथे शिवाजी महाराज म्हणून गादीवर बसविण्यात आले. जन्म १८६३ चा, म्हणजे वय आठ वर्षांचे.

बडोद्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. खंडेरावांच्या मृत्यूच्या वेळी राणी जमनाबाई गरोदर होत्या. १८७१ मध्ये त्यांना कन्या झाली आणि गादी खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांच्याकडे गेली. मल्हाररावांच्या कारभाराविषयी तक्रारींचा डोंगर साचला. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप आला. चौकशी आयोगात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. त्यांची मते दुभंगली. दोषाविषयी एकमत नसतानाही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गैरकारभाराच्या कारणाने पदच्युत करून मद्रासेस पाठविले गेले. या पदच्युतीने संतापलेल्यांत आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडकेही होते. (एसटीने गोव्याच्या रस्त्याला लागलात की शिरढोण येते, पाटी दिसते, गाडी क्वचितच थांबते.)

आता जमनाबाईंना दत्तक घेण्याची मुभा मिळाली. गायकवाडांची एक शाखा नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे गावी शेती करून राहत होती. त्या घरातील मुले बडोद्यास आणली गेली. त्यांतून निवड झाली काशीरावांचे पुत्र गोपाळराव यांची. जन्म १८६३ चा, वय बारा, अक्षरओळख जवळपास नाही. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि गोपाळरावांचे सयाजीराव झाले.

येथे सर्वांना ठाऊक असलेली आख्यायिका येते. मुलांना विचारले, कशासाठी आलात? इतर मुले गोंधळली. गोपाळरावांनी मात्र न अडखळता सांगितले की आपण राज्य करायला आलो आहोत. शाळेच्या पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत ही गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. ती घडली असेलही. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा, सयाजीराव वाईट राजे निघाले असते, तर हेच उत्तर आपण कसे सांगितले असते? ‘पोर लहानपणापासूनच उर्मट होते,’ असेच ना? उत्तर तेच राहिले असते, अर्थ उलटला असता. यशस्वी माणसाच्या बालपणात आपण चिन्हे पेरतो आणि मग तीच उगवलेली पाहून चकित होतो. कोल्हापूरच्या नारायणरावांच्या बालपणातली अशी एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे काय? नाही. ती कुणी जपलीच नाही.

आणि आता जे सांगायचे आहे, ते सावकाश सांगते.

दोन मुले, दोघेही १८६३ ची. दोघेही साध्या घरांतून उचलून राजवाड्यात आणलेले. दोघांची नावे बदलली, दोघांभोवती कारभारी, शिक्षक, रेसिडेंट आणि एजंट यांचा वेढा. बडोद्यात एलियट नावाचे शिक्षक आले आणि दिवाण म्हणून त्रावणकोर, इंदूर गाजवून आलेले, तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव. त्यांनी सहा वर्षे राज्य सांभाळले आणि मुलाला शिकू दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले.

त्याच वर्षी कोल्हापुरात काय चालले होते? तेथील अठरा वर्षांचे महाराज वेडे झाले आहेत, असे कारभार सांगत होता. महाराजांचा छळ होतो आहे, त्यांना मारहाण होते, असे लोक बोलत होते. कारभारी बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने तोफ डागली. ज्या पत्रांचा आधार होता ती बनावट ठरली, अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. ते १०१ दिवस आपल्याला पाठ असतात, कारण आगरकरांनी त्यांवर पुस्तक लिहिले. ज्याच्यासाठी ते तुरुंगात गेले, त्या तरुणाचे पुढे काय झाले, हे मी माझ्या वर्गात विचारले होते. तिघांना सांगता आले.

महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवर असलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. विसावे वर्ष सरलेले होते. खरोखर मनोविकार होता, की छळाने तो जडला, की दोन्ही, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. माझे मत विचाराल, तर आठ वर्षांच्या मुलाला आईवेगळे करून दरबारात बसवायचे आणि त्याच्या प्रत्येक हालचालीची नोंद सरकारदरबारी पाठवायची, यातून तो शाबूत बाहेर पडला तर नवल मानावे. सयाजीराव शाबूत बाहेर पडले, हेच नवल आहे. आपण नेमका तेवढाच अपवाद नियम म्हणून सांगतो.

पण थांबा. ‘निवड नव्हे, संगोपन महत्त्वाचे’ असा सोपा निष्कर्ष काढायचा माझा विचार होता आणि कोल्हापूरच तो काढू देत नाही. त्याच गादीवर, त्याच कारभाराखाली, तीनच महिन्यांत दुसरा मुलगा आला. १७ मार्च १८८४ रोजी कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक घेतले गेले. वय दहाच्या आत. त्यांची निवड गुण पाहून झाली, असे म्हणण्यास आधार नाही. वडील जयसिंगराव हे संस्थानचे रीजंट होते. घराणे जवळचे, मुलगा हाताशी. तुम्हीआम्ही ज्याला वशिला म्हणतो, त्याच्या फार दूर ही निवड नव्हती. मुलगा राजकोटला शिकला, मग धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली. २ एप्रिल १८९४ रोजी त्याने अधिकार हाती घेतले. तो मुलगा म्हणजे राजर्षी शाहू. १९०२ चे पन्नास टक्के राखीव जागांचे फर्मान, वसतिगृहे, १९१७ चे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण, हे सारे एका सोयीच्या निवडीतून आले. निवडणाऱ्यांच्या मनात यांतले काहीही नव्हते.

किंबहुना निवडणाऱ्यांना हवे होते ते निराळेच. इंग्रजांना आज्ञाधारक, नीटनेटका, हिशेब समजणारा संस्थानिक हवा होता. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, पुढे तो सर्व राज्यात नेला, १९१३ मध्ये एका हुशार तरुणाला शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठविले (नाव आपण सारे जाणताच). आणि १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहापुढे एकदाच मान लववून त्यांनी पाठ फिरविली, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. ज्यांनी निवडले, त्यांच्या दृष्टीने हा मुलगा फसला की जिंकला?

अमेरिकेतल्या खेळात निदान याचे उत्तर देता येते, गुणफलक असतो. तिथेही ब्रेडीला खरी संधी मिळाली ती २००१ मध्ये, पहिल्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून. तो जखमी झाला नसता तर? असे प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारू नयेत, असे आम्हांला शिकवतात. मी विचारते.

आपल्या क्रिकेटमध्येही हेच आहे. अमोल मुजुमदार यांनी रणजीच्या पदार्पणातच, १९९४ मध्ये, हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या. पुढे त्यांनी रणजीत धावांचे डोंगर रचले. भारताकडून एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. संघात त्या पिढीचे सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते. २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक तेच होते. त्या रात्री पनवेलपर्यंत फटाके ऐकू येत होते. निवड समितीने नाकारलेला माणूस दुसऱ्या कुणाला तरी निवडीसाठी तयार करत होता.

हे सारे मला इतके का टोचते, तेही सांगून टाकते. येत्या महिन्यात माझी पीएच.डी.ची मुलाखत आहे. पलीकडे चार-पाच जण असतील, अलीकडे मी, मध्ये दहा मिनिटे आणि संशोधनाचा आराखडा. जागा दोन. ते माझ्याकडे पाहून पुढची पाच वर्षे ओळखू पाहतील. ‘कशासाठी आलात?’ हा प्रश्न नक्की येईल, याची मला खात्री आहे. गोपाळरावांसारखे उत्तर देण्याचे धाडस माझ्याकडे नाही. पण ज्यांची निवड होणार नाही, त्यांच्याजवळ काय होते, हे समितीला कधी कळणार नाही, कारण ते पाहण्याची सोयच नाही. कवळाण्याहून बडोद्यास गेलेल्या आणि न निवडलेल्या मुलांबाबतही आपण तेच म्हणू शकतो. त्यांतला एखादा सयाजीरावांहून थोर राजा झाला असता काय? झाला असता तरी आपल्याला ते ठाऊक असण्याचा मार्ग नाही.

माझा आराखडा चौथ्या शिवाजी महाराजांवर आहे. विषय ‘लहान’ आहे, असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले. शाहू महाराजांवर करा, साधने भरपूर आहेत. साधने भरपूर आहेत, हे खरेच. म्हणूनच मला उरलेल्या बारा वर्षांत, १८७१ ते १८८३ मध्ये, जायचे आहे. त्या मुलाने स्वतः लिहिलेला एखादा कागद मिळतो का, निदान त्याच्या हस्ताक्षराचा एखादा सरावाचा ताव, एवढे पाहायचे आहे.

अहमदनगरच्या किल्ल्यात लोक जातात ते १९४२ मध्ये नेहरूंना जिथे ठेवले होते ती खोली पाहायला. जाणाऱ्यांपैकी कुणाला त्याच किल्ल्यात १८८३ च्या नाताळच्या दिवशी काय घडले याची खूण दाखविली गेली असेल, किंवा कोल्हापूरकरांच्या घरी नारायणरावांविषयी काही ऐकीव गोष्ट टिकून असेल, तर खाली अवश्य लिहा. सावर्डे गावाकडचे कुणी वाचत असेल, तर फारच बरे.