मासवडीचा ताळेबंद

मुलीसाठी स्थळ आणि धंद्यासाठी सीए शोधतोय, असे नुसते तोंडातून काढा. अख्खा गाव हातातले काम टाकून तुमच्या मदतीला धावतो. फरक एवढाच, की स्थळ सुचवणाऱ्याने निदान मुलाला लांबून पाहिलेले असते. सीए सुचवणाऱ्याने फक्त पाटी पाहिलेली असते.

वास्तविक कर ही गोष्ट आमच्या जुन्नर तालुक्याला नवी नाही. नाणेघाटाच्या माथ्यावर एक भला थोरला दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातून घाट चढून आलेले व्यापारी त्यात जकात टाकत, असे सांगतात. काय सुटसुटीत कारभार! बैल थांबवा, नाणे टाका, पुढे चला. रांजणाला पासवर्ड नव्हता आणि नाणे टाकल्यावर तो ओटीपीही मागत नसे.

आमच्या घरात कर शिरला तो सौ.च्या मासवडीतून. मासवडीत मासा नसतो, हे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला सांगावे लागत नाही. ओल्या फडक्यावर थापलेल्या बेसनात तीळ, खोबरे, कांदा, लसूण, कोथिंबिरीचे सारण भरायचे; आकार माशासारखा, म्हणून नाव मासवडी. आधी शेजारी जत्रेच्या पाहुण्यांसाठी सांगून नेत. मग आळेफाट्याकडच्या एका हॉटेलवाल्याने दर रविवारी शंभर ताटांची मासवडी नेण्याचा रतीब लावला. इथवर सगळे गोड होते. एके दिवशी तो म्हणाला, "वहिनी, आता बिल द्यावं लागंल." त्या एका शब्दाने घरातली शांतता गेली.

शेजारच्या आबांनी निकाल दिला, "शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. कांदा शेतातला, कोथिंबीर शेतातली, हरभरा शेतातला. मग मासवडी हा शेतमालच!" युक्तिवाद सुंदर होता. फक्त शेतात मासवडी उगवल्याचे दाखवणे तेवढे बाकी होते. दुसऱ्याने स्टँडजवळच्या पोराचे नाव सुचवले. तो सातबारा काढतो, पीकविमा भरतो, पासपोर्टचा फोटो काढतो, म्हणजे सीएच की! आमच्याकडे सुई टोचतो तो डॉक्टर आणि फॉर्म भरतो तो सीए.

शेवटी एका व्याह्यांच्या ओळखीने पुण्यातला एक सल्लागार फोनवर गाठला. धंदा कसला, असे त्याने विचारले. मी मासवडी म्हणालो. आठ दिवसांनी उद्यम नोंदणीचा कागद आला. व्यवसाय : मत्स्य उत्पादने. जी नोंदणी सरकार फुकट करून देते, तिची फी त्याने आधीच घेतली होती. आमच्या खोडदची दुर्बीण आकाशगंगेतून येणाऱ्या लहरी टिपते, पण पुण्याच्या माणसाला नारायणगावची मासवडी नीट ऐकू गेली नाही! सौ. माळकरी घरातली. तिने कागद वाचला आणि गॅस बंद केला. "अहो, उभ्या जन्मात घरात बोंबील आणला नाही, आणि सरकारदरबारी मी मासळीवाली?"

आता खरा सीए सापडत का नाही, याचे इंगित सांगतो. १९४९ च्या ज्या कायद्याने सनदी लेखापालांची संस्था निघाली, त्याच कायद्याने त्यांना गिऱ्हाईक मागत फिरायला बंदी केली. त्यामुळे रस्त्यावरून दिसतो तो भलामोठा फलक बहुधा दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि सीएची वीतभर पाटी जिन्याच्या अंधारात असते. ओळखायची खूण एकच : त्याला संस्थेचा सभासद क्रमांक असतो, आणि २०१९ पासून त्याने सही केलेल्या दाखल्यावर १८ आकडी क्रमांक असतो. तो कोणालाही तपासून पाहता येतो.

अशी वीतभर पाटी सौ.च्या माहेरी, मंचरला सापडली. खाली बी-बियाण्यांचे दुकान, वर हापिस. खुर्चीत कांद्याच्या व्यापाऱ्याची पोरगी, आमच्या धाकट्याच्या वयाची. मी फाईल उघडून "आमचा धंदा असा, की..." अशी सुरुवात केली. पोरीने ऐकून घेतले आणि सौ.कडे वळून विचारले, "काकू, आठवड्याला बेसन किती लागतं?"

सौ.ने पिशवीतून चतकोर वही काढली. मी ती वही दुधाची समजत होतो. त्यात तिळाचा भाव होता, गॅसची टाकी होती, मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी होती, हॉटेलवाल्याची उधारी तारीखवार होती. पोरगी बोट ठेवत ठेवत शेवटच्या पानापर्यंत गेली आणि वर्षाचा नफा मोठ्याने सांगितला. बत्तीस वर्षे मी शाळेत नफा-तोटा शिकवला. तो आकडा ऐकल्यापासून घरात माझ्या पेन्शनचा विषय मी काढत नाही.

मग तिने बोटांवर मोजून सांगितले. जीएसटीची घाई नको; २०१९ पासून राज्यातल्या राज्यात नुसता माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. छोट्या धंद्याला उलाढालीच्या ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येते. जाडजूड चोपड्या नकोत. अन्नाची नोंदणी मात्र हवी. उद्यमच्या कागदावरचा मासा तिने तिथल्या तिथे काढून टाकायला घेतला. सल्लागाराची परीक्षा इथेच होते : काय करायचे ते कोणीही सांगतो, काय करायला नको ते सांगणारा विरळा. शिवाय मासवडी म्हणजे काय, हे तिला विचारावे लागले नव्हते.

"बँकेतलं खातं कोणाच्या नावावर?" तिने विचारले.

"ह्यांच्या," सौ. म्हणाली.

"काकू, कष्ट तुमचे, वही तुमची. खातंही तुमच्याच नावावर उघडा. विवरणपत्र तुमच्या पॅनवर जाईल."

सौ. क्षणभर गप्प झाली. आमच्या घरातल्या झाडून साऱ्या भांड्यांवर माझे नाव कोरलेले आहे. मालकाच्या रकान्यात तिने आपले नाव सावकाश, पुरे लिहिले.

फीसाठी मी सवयीने खिशात हात घातला. सौ.ने तो धरला. "राहू द्या, हा धंद्याचा खर्च आहे," ती म्हणाली आणि पोरीकडे वळली, "बाळा, बिल दे."