पाच रिंगांची टिचभर वही

पानाची रुंदी ६२ मिलिमीटर, उंची १०५. डेबिट कार्ड त्यावर ठेवलं तर लांबीत जेमतेम दोन सेंटिमीटर कागद बाहेर डोकावतो, रुंदीत त्याहून कमी. अशी पानं पाच रिंगांत अडकवलेली, वर चामड्याचं कव्हर, आत दोन कप्पे आणि पेन अडकवायला एक फासा. ही वही पहिल्यांदा हातात आली तेव्हा आमच्या आईने चष्मा वर करून विचारलं, "ह्यात काय लिहिणार तू? मुंग्यांचा हिशेब?"

प्रश्न रास्त होता. ओसाकाला नोकरी करणाऱ्या मावसभावाला मी फक्त एवढंच सांगितलं होतं, की येताना एखादी खिशात मावणारी रिंगांची वही आण. त्याचा दुकानातून फोन आला. "दादा, बायबल घेऊ, मिनी सिक्स घेऊ की मिनी फाइव्ह?" मी म्हटलं, "अरे, वही घे." तो हसला आणि सगळ्यात लहान घेऊन आला.

मग मी त्या मापांच्या मागे लागलो आणि गोंधळ वाढत गेला. फायलोफॅक्स ही लंडनची जुनी कंपनी. तिचं 'पर्सनल' माप ९५ बाय १७१ मिलिमीटर. त्याच्याच जवळपासच्या मापाला जपानमध्ये 'बायबल' म्हणतात. त्याखाली 'पॉकेट', ८१ बाय १२०, सहा भोकं. त्याखाली 'मिनी', ६७ बाय १०५, पाच भोकं. आणि माझी जपानी मिनी फाइव्ह तिच्याहून पाच मिलिमीटरने अरुंद. भोकं जुळतात, पण इंग्रजी पान जपानी कव्हरातून बाहेर येतं. एवढ्याशा फरकावरून माणसं तासन्‌तास बोलतात. मला आधी ते वेड वाटलं.

रिंगांमागचं डोकं मात्र एका इतिहासामुळे समजलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंजिनिअरांसाठी 'लेफॅक्स' नावाची सुट्या पानांची वही निघाली. जाडजूड संदर्भग्रंथ साइटवर कोण नेणार? तेव्हा त्यातली लागतील तेवढीच कोष्टकं आणि सूत्रं सुट्या पानांवर छापून घ्यायची आणि रिंगांत अडकवून खिशात टाकायची. तीच कल्पना १९२१ मध्ये लंडनच्या 'नॉर्मन अँड हिल'ने उचलली, तीच पुढची फायलोफॅक्स. तिथे तात्पुरती सेक्रेटरी म्हणून आलेल्या ग्रेस स्कर या बाई पुढे कंपनीच्या प्रमुख झाल्या. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात कंपनीची जागा गेली, सगळे कागद गेले. पण गिऱ्हाइकांचे आणि माल पुरवणाऱ्यांचे तपशील बाईंनी स्वतःच्या वहीत लिहून ठेवलेले होते. धंदा त्यावर पुन्हा उभा राहिला. १९८०च्या दशकात हीच वही लंडनच्या सुटाबुटातल्या तरुण कमावत्या मंडळींची मिरवायची वस्तू झाली, तो भाग मला कमी रुचतो.

आता लिहिण्याचं. माझ्या वहीत भोकांची बाजू सोडली की लिहायला उरते पाच सेंटिमीटर रुंदी. इंग्रजी लिहिणाऱ्याचं भागतं. आपल्याला वर वेलांटी, रफार, मात्रा, खाली उकार. दोन ओळी जवळ आणल्या की वरच्याचा उकार खालच्याच्या अनुस्वारावर बसतो. 'व्यवस्थापकांकडून' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. साध्या बॉलपेनने जोडाक्षरांचे नुसते गोळे झाले. मग ०.३८ टोकाचं जेल पेन आणलं, रेघांची पानं काढून चौकटीची घातली, आणि दोन चौकटींत एक ओळ असा हिशेब बसवला. मोडी येत असती तर बरं झालं असतं असं मनात आलं. आधी सबंध ओळभर रेघ ओढायची आणि हात न उचलता खाली अक्षरं टांगत जायची.

दुसरी अडचण रिंगांचीच. उजव्या पानावर ठीक चालतं, डाव्या पानावर लिहिताना तळहात थेट रिंगांवर येतो. वही लहान म्हणून हात बाजूला सरकवायलाही जागा नाही. मी कितीतरी दिवस मनगट वाकडं करून लिहीत होतो. मावसभावाने व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं आणि म्हणाला, "दादा, पान काढ ना. रिंगा उघडतात कशाला?" पान काढायचं, टेबलावर ठेवून लिहायचं, परत अडकवायचं. उघडताना आणि मिटताना जो 'खट्' आवाज होतो तो मला आवडतो हेही सांगून टाकतो. सभेत कंटाळा आला की मी तो उगीचच काढतो, शेजारचे बघतात.

पण पान निघतं याचा खरा उपयोग मला हार्डवेअरच्या दुकानात कळला. प्लंबरने यादी सांगितली होती : अर्धा इंची एल्बो, टेफ्लॉन टेप, एम-सील, नळाचे दोन वायसर. गल्ल्यापुढे गर्दी. मी ते पान काढलं आणि पोऱ्याच्या हातात दिलं, तो पान घेऊन आत गेला, माल घेऊन आला. फोन कोणी असा हातात देत नाही. आईच्या बीपीच्या नोंदींचं पानही तसंच. दवाखान्यात सिस्टरकडे दिलं की त्या केसपेपरवर आकडे उतरवून घेतात आणि परत करतात. काम संपलेलं पान फाडून टाकायचं. महिन्याभरापूर्वीची यादी बांधलेल्या डायरीत वर्षभर मध्ये मध्ये येत राहते, इथे ती रद्दीत गेलेली असते. त्यामुळे वही जाड होत नाही, आणि जी पानं उरतात ती लागणारीच असतात : औषधांची नावं, गॅसचा ग्राहक क्रमांक, खोल्यांची मापं, भिंतीच्या रंगाचा शेड नंबर.

सुटी पानं संपली तेव्हा मी पुण्यात अप्पा बळवंत चौकात फिरलो. मोठ्या मापाची मिळाली, या मापाची नाहीत. मग घरीच सुरू केलं. ए-फोर कागद तीनदा दुमडून कापला की आठ तुकडे होतात, प्रत्येक १०५ बाय ७४. उंची आपोआप जमली, रुंदीतून १२ मिलिमीटर कापलं की झालं. भोकं दर १९ मिलिमीटरवर, वरखाली साडेचौदा मिलिमीटर सोडून. ऑफिसचं पंचिंग मशीन इथे निरुपयोगी, त्याच्या दोन भोकांत ८० मिलिमीटर अंतर. एकच भोक पाडणारा पंच आणला आणि जुन्या एक्स-रे फिल्मचा साचा कापून घेतला. एका संध्याकाळी ढीगभर पानं होतात. यात वेळ जातो का? जातो. कोरी पानं पाडण्याचं हे काम मला त्यांवर लिहिण्याइतकंच आवडू लागलंय, आणि मापांवर तासन्‌तास बोलणाऱ्या माणसांना मी आता हसत नाही.

एक मात्र स्पष्ट सांगतो. आठवड्याचं नियोजन, लांबलचक विचार, सभेचा वृत्तांत यांसाठी ही वही नाही. तशी खटपट मी केली. एका दिवसाच्या रकान्यात तीन शब्द मावले. लहान वही काय नको ते ठरवून टाकते. "संध्याकाळी येताना अमुक आणायचंय" एवढं लिहिता येतं, त्यावर मतप्रदर्शन करायला जागा नसते. फोनमध्ये हे सगळं लिहिता येतंच, पण फोन उघडल्यावर यादीपर्यंत पोचायच्या आत चार निरोप आडवे येतात. वहीत यादीच असते.

घ्यावीशी वाटली तर आधी पैसे घालवू नका. ए-फोरचे आठ तुकडे करा, एका कडेला स्टेपल मारा आणि शर्टाच्या खिशात ठेवून हिंडा. भरले तर वही घ्या, कोरे राहिले तर फोन बरा आहे. घेताना रिंगांचा व्यास विचारा. ८ मिलिमीटरच्या रिंगा खिशात कळत नाहीत, १३च्या फुगतात. चामड्याचा वास घेत बसण्याआधी रिंगा दोनचारदा उघडून मिटा आणि सांध्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ती वही परत ठेवा, कारण प्रत्येक पान उलटताना तिथेच फाटेल.