केपटाऊन : डोंगर, दर्या आणि जपलेल्या पाट्या

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात केपटाऊन हे शहर आहे. पाठीशी सपाट माथ्याचा टेबल माउंटन, समोर अटलांटिक महासागर आणि दोहोंच्या मधल्या उतारावर वसलेले शहर, अशी त्याची ठेवण. जगातल्या देखण्या शहरांत त्याचे नाव घेतले जाते, ते उगीच नाही. पण वाचकहो, हे शहर नुसते डोळे भरून पाहिले म्हणजे पाहून झाले, असे होत नाही. इथला किनारा, आगगाडीचा डबा, बागेतला साधा लाकडी बाकसुद्धा एके काळी कायद्याने माणसामाणसांत वाटून दिलेला होता. त्या वाटणीच्या खुणा तिथल्या लोकांनी फेकून दिल्या नाहीत, तर जपून ठेवल्या. म्हणूनच हे चार शब्द लिहावेसे वाटले.

एक काळ असा होता की भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेला जाताच येत नसे. वंशभेदाच्या निषेधार्थ भारताने १९४६ साली त्या देशाशी व्यापार तोडला होता. राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. म्हणून आज माझ्यासारखा कारकून तिथे जाऊ शकतो. अर्थात जाण्याचे कारण घरगुती होते. माझा धाकटा मेहुणा इंजिनिअर आहे. कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी तिकडे पाठवले. ‘दाजी, मी इथं आहे तोवर ताईला, पोरांना आणि आईला घेऊन या. राहण्या-जेवणाचा खर्च नाही,’ असा त्याचा तगादा. पत्नीची भिशी, पतपेढीचे कर्ज आणि मेहुण्याने काढलेली सासूबाईंची तिकिटे, असा मेळ घालून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो. मुलगी नववीत, मुलगा सहावीत. दोघांच्या दृष्टीने हे मामाचे गावच! आखातात विमान बदलून आम्ही उतरलो, तेव्हा तिथे वसंत ऋतू होता. आपल्याकडे थंडी सुरू होते तेव्हा तिकडे उन्हाळा जवळ येतो.

डोंगर आणि समुद्र

टेबल माउंटनची उंची १,०८६ मीटर. वर जायला १९२९ पासून दोरावरची गाडी आहे. आताच्या गोल गाड्या १९९७ साली आल्या. वर चढताना त्यांची जमीन सावकाश फिरते, त्यामुळे प्रत्येकाला चारही दिशा दिसतात, खिडकीसाठी भांडण नाही. मात्र वारा सुटला की गाडी बंद! आम्ही दोन दिवस खालूनच परतलो, तिसऱ्या दिवशी वर गेलो. आग्नेयेकडून वारा आला की माथ्यावर ढग जमतो आणि कड्यावरून खाली ओघळतो. जणू टेबलावर पांढरी चादर अंथरली आहे! तिथले लोक त्याला ‘टेबलक्लॉथ’च म्हणतात. माथ्यावर सशाएवढा, बिनशेपटीचा ‘डॅसी’ नावाचा प्राणी उन्हात लोळत असतो. मुलांना डोंगरापेक्षा त्याचेच अप्रूप.

समुद्राची गंमत वेगळी. कॅम्प्स बेचा किनारा पांढऱ्याशुभ्र वाळूचा. पाणी निळे, पण बर्फासारखे गार! दक्षिणेकडून येणाऱ्या थंड प्रवाहामुळे असे होते. मुलगा धावत पाण्यात गेला आणि त्याच वेगाने ओरडत बाहेर आला. सायमन्स टाऊनजवळ बोल्डर्स नावाच्या किनाऱ्यावर मोठमोठ्या खडकांमध्ये पेंग्विन राहतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे अवघ्या एक-दोन जोड्या आल्या, त्यांची पुढे वसाहत झाली. मात्र आफ्रिकी पेंग्विनची एकूण संख्या इतकी घटली आहे की २०२४ साली त्यांची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. समुद्रातले त्यांचे खाद्य कमी झाले, हे त्याचे एक मोठे कारण.

बाक

शहराच्या मध्यभागी कंपनीज गार्डन नावाची जुनी बाग आहे. १६५२ साली डच कंपनीची माणसे इथे उतरली. ये-जा करणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून त्यांनी हा मळा केला. त्या मळ्याच्या टोकाला ‘स्लेव्ह लॉज’ ही १६७९ साली बांधलेली इमारत आहे. कंपनीचे गुलाम इथे कोंडलेले असत. आता तिथे संग्रहालय आहे. गुलामांत आपल्या बंगालची, मलबारची, कोरोमंडल किनाऱ्याची माणसेही होती. मालक त्यांची मूळ नावे पुसून टाकत आणि नवे नाव देऊन पुढे ‘बंगालचा’, ‘मलबारची’ असे जोडत. काहींना तर महिन्यांचीच नावे दिली. आजही केपटाऊनमध्ये ‘सप्टेंबर’ हे आडनाव आढळते.

बागेशेजारच्या क्वीन व्हिक्टोरिया रस्त्यावर न्यायालयाची एक जुनी इमारत आहे. तिच्या बाहेर दोन बाक ठेवले आहेत. एकावर इंग्रजीत लिहिले आहे, ‘फक्त गोऱ्यांसाठी’. दुसऱ्यावर, ‘फक्त बिगरगोऱ्यांसाठी’. १९५० च्या कायद्याने तिथे प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद झाली होती. कोण कुठल्या वर्गातला याच्या तक्रारी १९६० च्या दशकात या इमारतीत ऐकल्या जात. कातडीचा रंग बघत. केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते, तेही बघत. एकाच घरातली भावंडे वेगवेगळ्या वर्गांत टाकली गेल्याची उदाहरणे आहेत. हा कायदा १९९१ साली रद्द झाला. हे बाक त्याच्या आठवणीसाठी आहेत.

सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. जो बाक सावलीत होता, त्यावर त्या टेकल्या. मुलीने पाटी वाचली आणि म्हणाली, ‘आजी, तू गोऱ्यांच्या बाकावर बसलीस. तेव्हा इथं बसली असतीस तर तुला पोलिसांनी उठवलं असतं.’ मग तिने तिला सगळा कायदा समजावून सांगितला. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘ह्यांना पाटी तरी लावावी लागली. आमच्या गावात पाटी नव्हती बाई. कुठल्या पाणवठ्यावर जायचं आन् कुठल्या नाही, हे चालायला लागलेल्या पोरालाबी ठावं होतं.’

मुलगी गप्प झाली. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह तिने पाठ्यपुस्तकात वाचलेला. पण आपल्याच आजीच्या गावचा पाणवठा कुठला आणि कसा होता, हे तिने कधी विचारले नव्हते. त्या दिवशी बाकावर बसून अर्धा तास दोघींचे तेच बोलणे चालले होते. आम्ही मध्ये पडलो नाही.

रस्त्यांच्या पाट्या

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर डिस्ट्रिक्ट सिक्सचे संग्रहालय आहे. डिस्ट्रिक्ट सिक्स ही डोंगराच्या पायथ्याची, बंदराजवळची कामगार वस्ती. गुलामांचे वंशज, गोदी कामगार, शिंपी, फेरीवाले, मुसलमान, ख्रिस्ती, ज्यू, भारतीय असे सगळे दाटीवाटीने राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी सरकारने ही वस्ती गोऱ्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केली. त्यानंतर सुमारे १५ वर्षांत ६० हजारांहून अधिक माणसांना उठवून ‘केप फ्लॅट्स’ या शहराबाहेरच्या वालुकामय सपाटीवर नेऊन टाकले. घरांवर बुलडोझर फिरला. प्रार्थनास्थळे तेवढी वाचली.

संग्रहालय एका जुन्या चर्चमध्ये आहे, ते १९९४ साली सुरू झाले. आत जमिनीवरच वस्तीचा भलामोठा नकाशा अंथरलेला आहे. जुने रहिवासी येतात, आपली गल्ली शोधतात आणि आपले घर जिथे होते तिथे आपले नाव लिहितात. छतापासून रस्त्यांच्या निळ्या-पांढऱ्या पाट्यांची माळ लोंबते. या पाट्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. वस्ती पाडणाऱ्यांपैकीच एका माणसाने त्या समुद्रात न टाकता आपल्या घरी लपवून ठेवल्या आणि पुढे संग्रहालयाला दिल्या. मुंबईत झोपडी तुटताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या नकाशावरून पाय टाकताना काय वाटेल, हे वेगळे सांगायला नको.

जवळच सिटी हॉल आहे. २७ वर्षांच्या कारावासानंतर सुटलेले नेल्सन मंडेला याच इमारतीच्या सज्जातून लोकांशी बोलले. तारीख होती ११ फेब्रुवारी १९९०. वस्ती उठवण्याचा हुकूम निघाला त्याच तारखेला, बरोबर २४ वर्षांनी. आणि वाचकहो, याच १९९० साली आपल्या देशाने बाबासाहेबांना आणि मंडेलांना एकाच वर्षी ‘भारतरत्न’ दिले.

बेटावरचा पाव

मंडेलांच्या २७ वर्षांपैकी १८ वर्षे रॉबेन बेटावर गेली. बंदरातून बोटीने तिथे जातात. कैदखाना दाखवायला पूर्वी तिथेच राजकीय कैदी असलेली माणसे असतात. मंडेलांची कोठडी एवढीशी, की माणूस आडवा झाला तर डोके आणि पाय भिंतींना लागावेत. चुनखडीची खाणही दाखवतात. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने कैद्यांचे डोळे अधू झाले.

पण माझ्या मनात घर करून राहिला तो तिथला जेवणाचा तक्ता. मिश्रवर्णीय आणि भारतीय वंशाच्या कैद्यांना एक शिधा, काळ्या आफ्रिकी कैद्यांना त्याहून कमी. साखर कमी, आणि पाव तर नाहीच. कपड्यांतही तेच. मंडेलांबरोबर शिक्षा झालेले अहमद कथराडा भारतीय वंशाचे, म्हणून त्यांना लांब पँट. मंडेलांना मात्र अर्धी चड्डी. गुन्हा एक, शिक्षा एक, तुरुंग एक, तरी ताटात पायऱ्या! श्रेणीबद्ध विषमता हा बाबासाहेबांचा शब्द आपल्याला पाठ आहे. तो इथे औंसांत मोजून भिंतीवर टांगलेला दिसला. पायरी करण्यामागचा हेतूही तोच. ज्याला पावाचा तुकडा जास्त मिळतो, त्याने खालच्यापासून दूर राहावे. कैद्यांनी हे ओळखले. समान जेवणासाठी ते वर्षानुवर्षे भांडत राहिले. १९७९ साली सर्वांचा शिधा एक झाला.

किनारा खुला, अंतर तसेच

१९५३ च्या कायद्याने बाक, डबे, किनारे वेगळे केले होते. ऑगस्ट १९८९ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्यासह शेकडो लोक केपटाऊनजवळच्या गोऱ्यांच्या किनाऱ्यांवर गेले. पोलीस कुत्री घेऊन आडवे आले. त्याच वर्षाअखेर किनारे सर्वांना खुले झाले आणि पुढच्या वर्षी कायदा रद्द झाला.

आज कॅम्प्स बेवर कोणीही जावे. तिकीट नाही, पाटी नाही. मेहुण्याच्या इमारतीत साफसफाईला येणाऱ्या एक बाई खायलित्शा या वस्तीत राहतात. ती सुमारे ३० किलोमीटरवर, केप फ्लॅट्समध्येच १९८० च्या दशकात काळ्या लोकांसाठी वसवलेली. पहाटे अंधारात मिनीबस टॅक्सी पकडायची, मध्ये एकदा बदलायची, संध्याकाळी तसेच परत. पत्नीने मुलीकरवी त्यांना विचारले, ‘सुट्टीत इकडच्या समुद्रावर येता का?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘समुद्र रोज बघते, कामावर येताना. पोरांना घेऊन यायचं म्हणजे सगळ्यांचं भाडं.’ किनाऱ्याची पाटी एका हुकुमाने उतरली. वस्ती जिथे नेऊन टाकली, तिथून किनाऱ्यापर्यंतचे भाडे मात्र अजून रोज मोजावे लागते.

पाण्याचेही असेच. २०१८ साली तिथे धरणे आटली, तेव्हा माणशी दिवसाला फक्त ५० लिटर पाण्याची मर्यादा होती. मोठमोठ्या बंगल्यांतली माणसे कॅन घेऊन झऱ्यावर रांगा लावू लागली. मेहुण्याच्या शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात अजून शॉवरखाली बादली असते. हे ऐकून पत्नी म्हणाली, ‘आमचं सगळं बालपण त्या बादलीतच गेलं.’ झोपडवस्त्यांत सामायिक नळावरची रांग ही त्या दुष्काळाआधीही होती आणि नंतरही आहे.

जाणाऱ्यांसाठी

कोणाला जाण्याचा योग आला, तर व्हिसासाठी दोन महिने आधी कामाला लागावे. रॉबेन बेटाचे तिकीट आगाऊ काढावे. डोंगराचे मात्र वारा पाहून काढावे. बाग, समुद्रकाठचा फिरण्याचा रस्ता आणि शहरातले किनारे फुकट आहेत, तिथे अर्धा दिवस सहज जातो. बो-काप या रंगीत घरांच्या जुन्या मुस्लिम मोहल्ल्यात रोटी, समोसा, मसाला सगळे मिळते. गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांनी जपलेली ही चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही. अंधार पडल्यावर मात्र पायी हिंडू नये.

आणि ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट घरबसल्या होण्यासारखी आहे. केपटाऊनच्या लोकांकडे पाट्या होत्या, म्हणून त्यांना त्या भिंतीवर टांगता आल्या. आपल्या गावात पाट्या नव्हत्या, जे होते ते म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ती माणसे एकेक करून निघून चालली आहेत. मुलांनी सुट्टीत आजी-आजोबांजवळ बसावे. गावाचे नाव, पाणवठ्याचे नाव, कोणी अडवले, पहिल्यांदा पाणी कोणी भरले, साधारण कुठले साल, हे एका वहीत लिहून घ्यावे. खाली तारीख टाकावी आणि ती वही घरात जपून ठेवावी. त्याला ना विमानाचे तिकीट लागते, ना पतपेढीचे कर्ज.